मुद्देमाल झालेली गाडी परत आणताना : सोळा दिवसांच्या सरकारी सेवेचा अभिप्राय

हॉटेल, गॅरेज किंवा कुरिअर यांच्याविषयी आपण अभिप्राय लिहितो, तसा तो पोलिसांच्या ताब्यातली गाडी सोडवून आणण्याच्या कामाविषयीही लिहायला हरकत नसावी. या कामातही टेबले आहेत, फी आहे, ताटकळणे आहे आणि शेवटी हातात पडणाऱ्या वस्तूची अवस्था आहे. मात्र सेवा आवडली नाही म्हणून दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नाही. माझा अनुभव रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा आहे. ठाण्याचे नाव मी देत नाही, कारण तेथील माणसांशी माझे भांडण नाही. तक्रार आहे ती ताब्यात घेतलेली गाडी ठेवण्याच्या पद्धतीविषयी.

घटना साधीच होती. १२ जून २०२५ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, भाचा माझी गाडी घेऊन सागरी मार्गाने घरी येत असताना उतारावरच्या वळणावर समोरून आलेल्या स्कूटरला गाडीचा उजवा कोपरा लागला आणि स्कूटरवरचे गृहस्थ गटारात पडले. त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. बाकी दैवाने निभावले. भाच्यानेच त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेले, आणि तेथून कळवले गेल्यावर पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ व १२५ आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवून इजा केल्याचा, गुन्हा नोंदवला. ही कलमे जामीनपात्र असल्यामुळे भाचा त्याच रात्री घरी आला. गाडी आली नाही.

गाडी अडकण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि ती सोडवण्याची जागाही त्याप्रमाणे बदलते, ही गोष्ट मला त्या पहिल्या रात्रीच कोणी सांगितली असती तर माझी एक सकाळ वाचली असती. चुकीच्या जागी उभी केलेली गाडी टोचन करून नेली असेल, तर दंड आणि उचलण्याचे शुल्क भरले की ती त्याच दिवशी मिळते. नोंदणी, परवाना किंवा परमिट नसल्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली गाडी अटकावून ठेवली असेल, तर मालकाने कागदपत्रांसह परिवहन खात्याच्या किंवा त्यासाठी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. कागद तपासून तो अधिकारी गाडी सोडू शकतो. पण गुन्हा नोंदवून पंचनाम्याखाली गाडी जप्त केली की ती गाडी राहत नाही, मुद्देमाल होते, आणि मुद्देमाल परत देण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी करतात. पोलीस ठाणे फक्त सांभाळते. त्यामुळे ठाण्यात कितीही आर्जवे केली आणि कितीही ओळखी काढल्या, तरी तिसऱ्या प्रकारात त्यांचा काही उपयोग नसतो.

हे मला शुक्रवारी दुपारी एका जुन्या हवालदारांनी सांगितले. त्याआधी सकाळपासून मी ठाणे अंमलदारांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून होतो आणि मला दर तासाने ‘साहेब आले की बघू’ एवढेच उत्तर मिळत होते. हवालदार बाहेर आले, माझ्याकडे पाहून थांबले आणि म्हणाले, “काका, कशाला बसलाय? साहेब आले तरी गाडी हितून सुटायची नाय. वकील बघा, कोर्टाचं पत्र आणा, मी स्वतः चावी देतो.” त्यांनी शब्द पाळला, हे येथेच नोंदवून ठेवतो. ठाण्यातल्या वागणुकीविषयी माझी काहीच तक्रार नाही. दोनदा चहा मिळाला, कोणी आवाज चढवला नाही आणि पैशाचे सूचकही कोणी बोलले नाही. फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मात्र एका गृहस्थाने ‘आत बोलून’ दोन दिवसांत गाडी काढून देण्याची तयारी दाखवली. अशा माणसाला पैसे देण्यात दुहेरी तोटा आहे, कारण न्यायालयाचा हुकूम त्याला आणता येत नाही आणि तो मिळाल्यावर त्याची गरज उरत नाही. पैशाची मागणी आतूनच झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

त्याच दिवशी जप्तीचा पंचनामा झाला आणि त्या वेळी मी हजर राहिलो, हे माझ्या हातून झालेले सर्वांत शहाणपणाचे काम ठरले. पंचनाम्यात गाडीचा रंग, इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, उजव्या बाजूचा चेपलेला पत्रा आणि फुटलेला दिवा यांची व्यवस्थित नोंद होती. स्टेपनीही लिहिली होती. जॅक, पाना आणि म्युझिक सिस्टीम लिहिलेली नव्हती. ‘ते कशाला, गाडीतच आहे सगळं’ असे सांगण्यात आले, तरी मी नम्रपणे आग्रह धरला आणि त्या तीन वस्तू ओळीच्या शेवटी घालून घेतल्या. गाडीची चहूबाजूंनी, आतून आणि किलोमीटरच्या आकड्यासह छायाचित्रेही मोबाईलवर काढली. परत मिळताना एखादी वस्तू नसेल, तर पंचनाम्यात ती होती की नव्हती यावरच सगळे ठरते, आणि त्या कागदावर आपण नंतर एक अक्षरही वाढवू शकत नाही.

एफआयआरची प्रत मी राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरून काढली. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे आणि माझ्या बाबतीत तो पाळला गेला. या एका टप्प्याला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, म्हणजे कोर्ट बंद, त्यानंतर रविवार. सोमवारी, १६ जूनला, तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात वकीलबाईंनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज दाखल केला. १ जुलै २०२४ पूर्वी हाच अर्ज जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ खाली होत असे, आणि कोर्टातले जुने कारकून अजूनही ‘चारशे सत्तावनचा अर्ज’ असेच म्हणतात. अर्जासोबत आरसी, विमा, पीयूसी, भाच्याचे लायसन्स, माझे आधार कार्ड, एफआयआर आणि पंचनामा एवढे कागद लागले. वकीलबाईंनी सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालाचा आधार घेतला होता. जप्त वाहने ठाण्यांत दीर्घकाळ ठेवण्यात काही अर्थ नाही, योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन ती लवकर परत द्यावीत, आणि कोणत्याही परिस्थितीत मुद्देमाल पंधरा दिवस ते एक महिन्यापलीकडे ठाण्यात पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलेले आहे. तो निकाल देशभरातील वकील असल्या अर्जांत उद्धृत करत असतात. इतक्या वर्षांनंतरही तो उद्धृत करावा लागतो, यातच ठाण्यांच्या आवारांची हकीकत आली.

अर्ज दाखल झाला की न्यायालय सरकारी वकील आणि तपासी अंमलदार यांचे म्हणणे मागवते. कोर्टाच्या भाषेत त्याला ‘से’ म्हणतात आणि सगळा उशीर या एका अक्षरात साठलेला असतो. माझ्या अर्जावर गुरुवारची तारीख होती. तपासी अंमलदार एका दौऱ्याच्या बंदोबस्ताला गेले होते, त्यामुळे ‘से’ आला नाही आणि तारीख पुढच्या सोमवारवर गेली. तो कागद दोन ओळींचा असतो. गाडीची तपासणी झाली आहे, तपासासाठी तिची आता गरज नाही, अटी घालून परत देण्यास हरकत नाही, एवढाच त्याचा मजकूर. त्या दोन ओळींसाठी माझी गाडी आणखी चार दिवस पावसात उभी राहिली. वकीलबाईंचा यावरचा सल्ला व्यावहारिक होता: अर्जाची प्रत त्याच दिवशी ठाण्यात नेऊन द्यावी, तिच्यावर आवक शिक्का घ्यावा आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन आठवण करावी. मी पहिल्या तारखेला हे केले नाही, दुसऱ्या तारखेला केले.

दरम्यान बुधवारी मोटार वाहन निरीक्षक येऊन गेले होते. अपघातातल्या गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर पाहून अपघात यांत्रिक बिघाडामुळे झाला का, याचा अहवाल ते देतात, आणि तो अहवाल आल्याशिवाय पोलीस ‘से’ लिहीत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ मध्ये तपासणीसाठी हलवलेली गाडी सोपस्कार पूर्ण झाल्यावर २४ तासांत परत द्यावी, असे म्हटले आहे. ते वाचून मी फार आनंदलो होतो. वकीलबाईंनी तो आनंद दोन मिनिटांत उतरवला. मुद्देमाल म्हणून जप्तीची नोंद झाली की ठाण्यात ते कलम दाखवून उपयोग होत नाही, कोर्टाचाच रस्ता धरावा लागतो, असे त्यांनी सांगितले.

सोमवारी ‘से’ आला आणि त्याच वेळी माझ्या स्वतःच्या आळसाचे फळही समोर आले. गाडीचे कर्ज मी दोन वर्षांपूर्वी फेडले होते, बँकेकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज, घेऊन ते कपाटात ठेवलेही होते. पण आरटीओकडून आरसीवरचा बोजा उतरवून घ्यायचे राहून गेले होते. आरसीवर बँकेचे नाव पाहून न्यायालयाने साहजिकच बँकेची हरकत नसल्याचे पत्र मागितले. कपाटातले पत्र जुने होते, म्हणून शाखेतून नवे आणण्यात दोन दिवस गेले. येथे दोष व्यवस्थेचा नाही, माझा आहे. वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे कर्ज फिटले आहे त्यांनी आज आपली आरसी काढून पाहावी.

गुरुवारी, २६ जूनला, हुकूम झाला. गाडीच्या विमा पॉलिसीतल्या किमतीएवढे, म्हणजे तीन लाख रुपयांचे बंधपत्र आणि एक जामीनदार. गाडी विकायची नाही, कोणाच्या नावे करायची नाही, तिचा रंग किंवा रूप बदलायचे नाही, न्यायालय सांगेल तेव्हा हजर करायची, आणि ताबा घेण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढून दाखल करायची. अटी वाजवी आहेत. गाडी पुरावा असते आणि तिची जागा छायाचित्रे व पंचनामा घेतात. म्हणून तर ती खटला संपेपर्यंत धरून ठेवावी लागत नाही.

जामीनदाराच्या बाबतीत मात्र अस्सल कोकणी अडचण आली. चुलतभाऊ आनंदाने तयार झाला आणि आपल्या बागेचा सातबारा घेऊन कोर्टात आला. त्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावे होती. त्यातली निम्मी माणसे मुंबईत, काही परलोकात, आणि वाटप आजोबांच्या काळापासून ‘पुढच्या मे महिन्यात’ व्हायचे आहे. संबंधित कारकुनांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि यातला तुमचा हिस्सा दाखवा, असे शांतपणे विचारले. चुलतभाऊ त्या सत्तावीस नावांकडे बघत राहिला. सामाईक सातबारा घेऊन जामीन राहायला जाऊ नये. पगाराची पावती असलेला नोकरदार मित्र त्यापेक्षा लवकर चालतो. शुक्रवारी आमचे एक शिक्षक मित्र शाळेतून अर्धी रजा काढून आले आणि काम अर्ध्या तासात झाले. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर बंधपत्र झाले, न्यायालयाचे ठाण्याला द्यायचे पत्र हातात पडले, आणि शनिवारी सकाळी, चौथा शनिवार असला तरी ठाणे उघडेच असल्यामुळे, हवालदारांनी सुपूर्तनाम्यावर सही घेऊन चावी दिली.

आता गाडीविषयी. अभिप्रायातला हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण येथे माझी तक्रार गंभीर आहे.

त्या वर्षी पाऊस मे महिन्याच्या अखेरीसच कोकणात पोचला होता. ठाण्याचे आवार खाडीच्या तोंडाशी आहे, वाऱ्याला आडोसा नाही, आणि जप्त वाहनांना छप्पर तर सोडाच, जमिनीवर खडीचा थरही नाही. माझी गाडी एका जुन्या फणसाखाली लावली होती. तिच्या एका बाजूला पुळणीवर घातल्यामुळे भरतीत सापडलेली पर्यटकांची मोठी गाडी होती, जिच्या दारांच्या कडांना मिठाचे पांढरे ओघळ सुकून बसले होते. दुसऱ्या बाजूला ज्यांचा रंगही सांगता येणार नाही अशा दुचाक्यांची रांग, तिच्यातून घाणेरीची झुडपे वर आलेली. खाऱ्या हवेत उभ्या गाडीचे काय होते हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. घरीसुद्धा आम्ही गाडी पावसाळ्यात दोन दिवसांनी फिरवून आणतो, ती हौस म्हणून नव्हे.

चावी लावली तेव्हा काहीच झाले नाही. बॅटरी पूर्ण उतरली होती. जोडणी देऊन इंजिन सुरू केले, तर गाडी जागची हलेना. कोणी तरी हँडब्रेक घट्ट ओढून ठेवला होता आणि सोळा दिवसांच्या दमट हवेत मागचे ब्रेकशू ड्रमला गंजून चिकटले होते. मेकॅनिकने चाके काढून ड्रमवर हातोडीचे ठोके दिले, तेव्हा तांबूस भुकटी खाली सांडली आणि चाक सुटले. पण खरे नुकसान काचेखाली होते. समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली, पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी एक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही टोकांना छिद्रे असतात. ती छिद्रे फणसाच्या पानांनी बुजली, पन्हळ भरली, आणि पाणी हवेच्या मार्गाने आत जाऊन चालकाच्या पायाखालच्या गालिच्यात साठत राहिले. गालिचा उचलला तेव्हा खालचा फोम स्पंजासारखा पाणी सोडत होता आणि सीटच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी आली होती. ओलसर वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

यातले जवळजवळ सगळे टाळता आले असते. हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये गाडी ठेवून चाकांना दगड लावणे, बॅटरीची एक तार काढणे आणि गाडी झाडाखाली न लावणे, एवढ्याला ना निधी लागतो ना शासन निर्णय. मी हे पंचनाम्याच्या दिवशीच सुचवायला हवे होते. परवानगी घेऊन बॅटरीची तार काढून देतो म्हटले असते तर कोणी नाही म्हटले असते असे वाटत नाही. कोणाची गाडी किनाऱ्यावरच्या ठाण्यात पावसाळ्यात अडकलीच, तर वकिलाला फोन करण्याआधी ही विनंती करावी.

खर्चाचा हिशेब असा. वकिलांची फी ५,००० रुपये, मुद्रांक, नोटरी, झेरॉक्स आणि छायाचित्रे मिळून सुमारे १,२००, नवी बॅटरी ४,८००, ब्रेकचे काम २,३००, गालिचा आणि सीट काढून धुणे-वाळवणे ३,५००. ठाण्याने आवारात ठेवण्याचे एक पैसाही घेतले नाहीत. विमा कंपनीला अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी कळवले होते, त्यांच्या सर्व्हेअरने ठाण्यात येऊन गाडी पाहिली, आणि चेपलेला पत्रा व दिवा यांचे पैसे मिळाले. बॅटरी, गंज आणि बुरशी हे अपघाताचे नुकसान नसल्यामुळे ते मात्र माझ्याच खिशातून गेले. विमा चालू होता म्हणून हे सगळे एवढ्यावर भागले. अपघातातल्या बिनविम्याच्या गाड्या पुरेसे तारण घेतल्याशिवाय सोडू नयेत, असे नियम राज्यांनी करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले आहे. तेव्हा विमा संपलेल्या गाडीची सुटका माझ्यासारखी साध्या बंधपत्रावर होईल, या भरवशावर कोणी राहू नये.

आणखी एक गैरसमज वाटेत भेटला. जखमी गृहस्थांशी तडजोड झाल्याशिवाय गाडी सुटत नाही, असे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी छातीठोकपणे सांगितले. तसे काही नाही. त्यांचा खटला, त्यांची नुकसानभरपाई आणि गाडीचा ताबा या स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि मुद्देमालाच्या अर्जावर तडजोडीचा प्रश्न न्यायालयाने विचारलाही नाही. आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो ते वेगळ्या कारणासाठी. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ते ओटीवर बसले होते आणि त्यांनीच मला आधी विचारले, “तुमची गाडी मिळाली काय हो?”

तारे द्यायचेच झाले तर न्यायालयाच्या कामाला पाचपैकी चार, ठाण्यातल्या माणसांना चार, ‘से’च्या वाटचालीला दोन आणि गाडी ठेवण्याच्या जागेला एकही नाही. एकूण सरासरी मी काढत नाही, कारण बुरशी आणि सौजन्य यांची बेरीज कशी करावी हे मला समजत नाही.

ताबा मिळाला तेव्हा समोरच्या काचेवर पांढऱ्या ऑइल पेंटने ‘गु. र. नं.’, म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आणि पुढे क्रमांक ठसठशीत लिहिलेला होता. तसाच घेऊन मी घरी आलो. वाटेत पेट्रोल पंपावरच्या मुलाने तो सबंध वाचला आणि मग तेल किती घालू, असे अदबीने विचारले. थिनरने पुसून रंग गेला. तरी पावसाळी सकाळी काचेवर वाफ धरली की अक्षरे पुन्हा उमटतात. गावातल्या एकाने नुकतीच गाडी विकत मागितली, तेव्हा खटल्याचा निकाल लागेपर्यंत ती विकता येत नाही, एवढे सांगून मी त्याला बंधपत्राची प्रत दाखवली.